दम तुटला नव्हता

ईशान, तन्वी — मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी भूत पाहिलंस का?" मी नाही म्हणाले आणि लगेच तुमच्या शाळेचं विचारलं. उत्तर खोटं नव्हतं. पाहिलं मी काहीच नाही. ऐकलंय मात्र. आणि एकटीनं नाही, भरल्या मैदानानं ऐकलंय. म्हणून हे तुमच्यासाठी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाटलं, या सदराच्या वाचकांसमोरही ठेवावं... कुणाला उलगडलं तर कळवा.

मी कशी आहे ते तुमच्या बाबाला विचारा. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, यवतमाळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. गल्लीत कुणी म्हणालं की चिंचेखाली बाई उभी दिसली, तर माझा पहिला प्रश्न, "चष्मा लावला होता का?" तुमचे आजोबा म्हणायचे, "हिच्यापुढे भूत आलं तर ही त्याचं ओळखपत्र मागेल."

ओळखपत्रं मागायची सवय मला खेळांमुळे लागली. मुलींचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला निघाला की सोबत एक बाई लागते, संघ व्यवस्थापक म्हणून. कॉलेजातल्या तरुण बायकांची मुलं लहान, त्यामुळे निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात प्रशिक्षक राऊत सरांचा फोन येतो, "मॅडम, चलता का?" मी चलते. माझ्या बॅगेत ओळखपत्रं, सेफ्टी पिना, कापूस, ग्लुकोज आणि नेलकटर. कबड्डीत सामन्याआधी पंच नखं तपासतात. त्यांच्याआधी मी तपासते. मुली मला आजीमॅडम म्हणतात.

गोष्ट गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. आंतरमहाविद्यालयीन महिला कबड्डी, कळंबच्या पुढं एका कॉलेजचं मैदान. माती रोलरनं दाबून पाणी मारलेली, चुन्याच्या रेषा ताज्या. एका बाजूला मंडप, त्यात विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडायला आलेली मंडळी. समोर शाळेची भिंत, भिंतीवर ओळीनं बसलेले पोट्टे. मैदानाला लागून तुरीचं शेत. दुपार, लख्ख ऊन. माझा चष्मा डोळ्यांवर होता.

आमची सपना मडावी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. झरी जामणीकडची, जंगलातल्या गावची. अंगानं काडी. येताना बसमध्ये म्हणाली, "आजीमॅडम, विद्यापीठाचा ब्लेझर भेटला ना, तर मी तो घालूनच झोपीन."

"उन्हाळ्यातही?"

"उन्हाळ्यात तं आंघोळीले बी काढनार नाई."

आता तुम्हा दोघांना एक नियम समजून घ्यावा लागेल. चढाई करणारी मुलगी समोरच्यांच्या बाजूला जाते, कुणाला तरी शिवून परत मध्यरेषेला टेकते. हे सगळं एका श्वासात, मोठ्यानं "कबड्डी कबड्डी" म्हणत. पंचाला ते ऐकू यायला हवं. याला दम म्हणतात. समोरच्यांनी तिला धरलं, तरी दम चालू आहे तोवर ती खेळात असते. एक बोट जरी रेषेला लागलं तर जितक्यांनी धरलं तितके गुण तिचे. म्हणून तोवर तिला सोडायचं नसतं. दम तुटला की पंच शिट्टी वाजवतो, मग सोडायचं.

प्रत्येक मुलीचा दम वेगळा असतो. सपनाचा शिवणयंत्रासारखा... बारीक, भराभर. मैदानाकडे पाठ करूनही मी तो ओळखला असता.

उपांत्य सामना यजमान कॉलेजशी होता. ईशान, तुझ्या आइस-हॉकीत हेल्मेट तरी असतं. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या एकीचं नाक समोरचीच्या गुडघ्यानं फुटलं. पंचांनी चुन्यावरच्या रक्तावर मूठभर माती टाकली आणि खेळ सुरू. मग आमच्या मुलींनी त्यांच्या एकीला अशी आपटली की तिच्या भुवईवरची कातडी उघडी पडली. कोपरं, गुडघे, वेण्या ओढणं. त्यांच्या उजव्या कोपऱ्यात किरण नावाची मुलगी होती, आडव्या बांध्याची. तिनं सपनाचा ओठ फोडला. सपना रक्त थुंकून हसली आणि तिच्याच पायाला शिवून परत आली. भिंतीवरून ओरडणं चालू, "तोडा वं तिले! तंगडीच उपसा तिची!"

मी उठून पंचांना म्हणाले, "सर, कोपर मारलंय. हा फाऊल आहे."

भिंतीवरून लगेच, "ओ आजी, तुमीच उतरा ना मैदानात! पदर खोचा न् या!"

सगळं मैदान हसलं. मीही हसले.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. सपना गेली. दोघींना शिवली, वळली, झेपावली... आणि किरणनं तिचा घोटा धरला. सपना पालथी पडली. हात पुढं, बोटं मध्यरेषेपासून वीतभर लांब. मग उरलेल्या सगळ्या तिच्यावर पडल्या. एकीचा गुडघा तिच्या मानेवर गेलेला मी पाहिला. ढिगाखालून आवाज येत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

मैदानाच्या आमच्या बाजूला उभे असलेले पंच ढोके सर गुडघ्यावर बसले. कान ढिगाजवळ, शिट्टी ओठांत, हात वर. म्हणजे दम चालू आहे. नियमानं ते बरोबर होते. राऊत सरांनी माझं मनगट धरलं. "ऐका मॅडम, ऐका! काय दम हाय पोट्टीचा!"

लोक आधी ओरडत होते, मग हळूहळू थांबले. चढाईलाही वेळेची मर्यादा असते. पण स्टॉपवॉच हातात असलेला माणूस घड्याळाकडे बघायचं विसरला होता. सगळं मैदान त्या एका आवाजाला कान लावून उभं. ढिगातल्या मुली जोर लावत होत्या, खालचा हात मातीत बोटं रुतवत होता. मग बोटं रुतायची थांबली. आवाज चालूच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे शिवणयंत्र नाही. हा आवाज सावकाश होता. प्रत्येक 'कबड्डी' सुटी, स्वच्छ, श्रुतलेखन सांगताना शब्द सांगावा तशी. कमी-जास्त होत नव्हता, दमत नव्हता.

माझी खुर्ची मध्यरेषेच्या टोकाला होती. मी वाकले. दोन कोपरांच्या फटीतून सपनाचं तोंड माझ्याकडेच होतं. ओठ जांभळे, बुबुळं वर गेलेली. तोंडात माती ठासलेली, दातांपर्यंत. ते तोंड हलत नव्हतं. आणि आवाज तिथूनच येत होता.

मी कधी उठले ते आठवत नाही. हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. मी "सोडा! सोडा तिला!" ओरडत मैदानात घुसले आणि जी पहिली पाठ दिसली तिच्यावर बाटली हाणली. एकीची वेणी हाताला वेढून ओढली. ती मागे आली, पुन्हा जाऊन पडली. मुली रडत होत्या... हे विसरू नका. रडत होत्या आणि दाबत होत्या. "मॅडम, सोडता नाई येत! ती अजून कबड्डी म्हणूनच राह्यली!" मानेवरचा गुडघा मी लाथ मारून हटवला. किरणनं घोटा सोडला नव्हता. मी तिच्या मनगटावर बाटली मारली, दोनदा. दुसऱ्यांदा हाड वाजलं. ती किंचाळली, आणि तिनं दुसऱ्या हातानं घोटा धरला.

ढोके सर तसेच बसलेले, हात वर. मी त्यांच्या गळ्यातल्या दोरीला हिसका दिला, त्यांचा ओठ फाटला, शिट्टी माझ्या हातात आली. मी वाजवली.

आवाज 'कब' वर थांबला. आणि त्याच क्षणी सपनानं श्वास घेतला. कोरड्या विहिरीच्या तळाला बादली घासावी तसा.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लोक मैदानात उतरले. आमचे म्हणाले पंचानं पोरीला मारलं, त्यांचे म्हणाले म्हातारीनं किरणचा हात तोडला. खुर्च्या उडाल्या, भिंतीवरून दगड आले. एक खुर्ची ढोके सरांच्या डोक्यात बसली. आमच्या बसच्या काचा गेल्या. मी आणि राऊत सर सपनाला एका जीपमध्ये घालून यवतमाळला निघालो. तिच्या तोंडातली माती मी माझ्या बोटांनी काढली. ती ओली नव्हती. घट्ट होती, भिंतीतलं भोक बुजवताना ठासतात तशी.

डॉक्टर म्हणाले, गळ्यातली स्वरयंत्राची कूर्चा मोडलीय. ती मोडल्यानंतर हिच्या तोंडून शब्द निघणं शक्य नाही. मग त्यांनीच मला विचारलं, "तुम्ही सांगता तितका वेळ हवा नव्हती, तर ही शुद्धीवर कशी? कुठून तरी हवा जात असणार."

"तोंडात माती होती, डॉक्टर."

"मग मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

त्याच वॉर्डात ढोके सर होते, डोक्याला टाके. मला पाहून उठून बसले. "मॅडम, तुम्ही सांगा. ऐकू येत होता ना?"

"येत होता."

ते तोंड झाकून रडले. रडायला कारण होतं. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरला होता, तुमच्या बाबापर्यंतसुद्धा. त्यात दमाचा आवाज नाही. त्यात एक ढीग आहे, खाली एक हात आहे, आणि शेकडो माणसं गप्प उभी राहून बघताहेत. चौकशीत ढोके सरांचं पंचाचं काम गेलं. मी जाऊन सांगितलं की आवाज मीही ऐकला. समितीनं मला पाणी दिलं आणि रिक्षा बोलावून दिली.

किरण चार दिवसांनी आली, हाताला प्लास्टर. मला वाटलं मला शिव्या देईल. ती सरळ सपनाच्या खाटेशी गेली. "सपने, माफ कर वं. मी सोडतच होती. पण सोडलं असतं तं तू टेकली असती ना लाईनले."

सपनाला बोलता येत नव्हतं. तिनं बोटांनी खूण करून विचारलं, किती राहिलं होतं? किरणनं प्लास्टरच्या हाताची वीत करून दाखवली. सपनानं कपाळावर हात मारला. मग दोघी हसल्या, एक आवाजानं, एक आवाजाविना.

तुमचा बाबा म्हणतो, सामूहिक भ्रम. राऊत सर म्हणतात, गर्दीतलं कुणी तरी म्हणत असेल. मी नंतर त्या मैदानावर जाऊन आले, भिंतीपासून, मंडपाच्या जागेवरून, तुरीतून मुलींना ओरडायला लावलं. कुठूनही तो आवाज तसा येत नाही. सपनाला पुढं कुजबुजता यायला लागलं तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "ऐकू येत होतं ना मॅडम. मले वाटे मीच म्हणून राह्यली."

त्या आवाजामुळे शिट्टी वाजली नाही आणि पोरगी मरायला टेकली. आणि डॉक्टरांचं खरं मानलं, तर तेवढा वेळ तिच्यासाठी श्वास कुणीतरी घेत होतं. यातलं कोणतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

सपनाचा आवाज परत आला, पण कागद चुरगाळल्यासारखा. दम पंचाला ऐकू जात नाही, म्हणून चढाई संपली. ती रडली नाही. किरण उभी राहायची तशी कोपऱ्यात उभी राहून पकडी करायला शिकली. या हिवाळ्यात तिनं अशा पकडी केल्या की मंडपातली मंडळी पुढं सरकून बसली. अंतिम सामना, शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं पुढं. सपनानं चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरला, बाकीच्या वर पडल्या. दम चालू होता. धरून ठेवलं असतं तर सामना आमचा आणि ब्लेझर तिचा.

सपनानं घोटा सोडला. एवढंच नाही, आमच्याच मुलींना केस धरून, चापट्या मारून तिनं त्या पोरीवरून ओढून काढलं. खालच्या मुलीचा हात घरंगळून रेषेला लागला. गुण गेले, सामना गेला. आमच्या मुली तिच्यावर तुटून पडल्या, "काहून सोडलं वं? धरली होती ना चांगली! येडी झाली का?" मी मात्र त्या खालच्या मुलीकडे बघत होते. ती उठली नव्हती. कुशीवर वळून तिनं मातीची ओकारी काढली, मग श्वास घेतला.

बसमध्ये सपना माझ्या शेजारी येऊन बसली. गाल सुजलेला, कोणीतरी लगावली होती. मी म्हणाले, "अगं, पण दम तर चालू होता. मी ऐकत होते."

"चालूच होता, मॅडम," ती त्या चुरगाळलेल्या आवाजात म्हणाली. "पण सावकाश येऊन राह्यलता."

ऐकताना मी मनात म्हटलं होतं, काय स्वच्छ उच्चार आहेत या मुलीचे.

उलगडा मला आजही झालेला नाही. पुढच्या हिवाळ्यात राऊत सरांचा फोन येईल आणि मी जाईन. बॅगेत नेलकटर आहे. आता एक शिट्टीही असते.