तबकडीच्या पोटातली भुकटी

केशवतात्यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेचा ग्रामोफोन खरखरतो म्हणून मी तो तबकडीसकट एसटीच्या टपावर टाकून बारामतीला तात्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तात्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. तबकडी उचलून तिला नखाने टिचकी मारली, उजेडात तिरपी धरली आणि म्हणाले, "गुरुजी, मशीन ठणठणीत हाय. माल लढाईतला हाय."

"हे तुम्हाला टिचकीने कळले?" मी चिडून विचारले.

"व्हय. मडकं घेताना बाया काय करत्यात?"

माझे कुतूहल जागे झाले. त्यानंतर माझे बहुतेक रविवार त्या दुकानात गेले.

एकदा तात्यांनी फुटकी तबकडी हातात देऊन तिची कड दाखवली. लाखेत दगडाची बारीक भुकटी कालवलेली असते, आणि तीही मुद्दाम. वाजताना सुईचे टोक त्या भुकटीवर घासून खाचेच्या मापाचे होते. म्हणून एका बाजूला एक सुई वापरायची आणि फेकायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या तबकड्या जड आणि गुळगुळीत होत्या. लढाईत लाख मिळेना, तेव्हा जुन्या फुटक्या तबकड्या दळून त्यांच्याच नव्या केल्या. ती खरखर त्यांचीच. लढाई संपल्यावर नव्या तबकड्यांचा आवाज हळूहळू निवळत गेला. तात्यांनी कारखाना कधी पाहिलेला नाही. हे सारे त्यांनी बारामतीत बसून कानांनी आणि बोटांनी ओळखले. कन्हेरीचे एक बागायतदार लग्नासाठी तबकड्या घ्यायला आले, तर तात्यांनी निम्म्या परत कपाटात ठेवल्या. "ह्या नेऊ नगा आबा, पुढच्या खेपंला बऱ्या येतील." असे दुकान कसे चालते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मग प्लॅस्टिकच्या तबकड्यांबद्दल ऐकू येऊ लागले. आमच्याकडे आलेली पहिली निरवांगीच्या पार्वतीबाईंची. त्यांचा मुलगा पलटणीबरोबर परदेशी गेला होता. तिथल्या कुठल्याशा बंदरात त्याने आपला आवाज भरून ती धाडली होती. पार्वतीबाईंनी ती एका शेजाऱ्याबरोबर दुकानी पाठवली. रविवारी ऐकायला त्या स्वतः येणार होत्या. त्या दिवशी तात्या, ज्याचा सुईचा दांडा तबकडीवर हलका टेकतो असे विजेचे यंत्र मागायला एका ओळखीच्या साहेबांकडे गेले होते. तबकडी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. ते कशासाठी, हे विचारायला मी थांबलो नाही. कपाटातली कोरी पोलादी सुई लावली आणि चावीच्या यंत्रावर ती वाजवली. आवाज इतका स्वच्छ की मी थक्क झालो.

तात्या यंत्र घेऊन आले. सुईला तबकडीचा खरवडलेला काळा तंतू लोंबत होता. "ह्यात भुकटी न्हाय, गुरुजी," ते सावकाश म्हणाले. "सुई झिजली न्हाय, म्हणून आवाज झिजला." पाठोपाठ पार्वतीबाई आल्या. विजेच्या यंत्रावर नुसती फसफस ऐकू आली.

"आक्का, चूक माझी हाय," तात्या म्हणाले. "मी आधी वाजवली. गुरुजी हितंच व्हतं, त्यांनी ऐकलंय. त्ये सांगतील."

मी मुलाचे शब्द सांगितले: आई, मी बरा हाय. मेंढरं इकू नगंस. धाकलीला शाळंत घाल.

"आवाज कसा व्हता? खोकत न्हवता न्हवं?"

"न्हवता," मी म्हणालो. त्यांनी मला ते तीनदा सांगायला लावले, आणि जाताना तात्यांकडे पाहिलेही नाही. पुढे कित्येक महिने निरवांगीकडचे गिऱ्हाईक दुकानात फिरकले नाही.

खरे सांगून टाकतो म्हणालो, तर तात्यांनी मला गप्प केले. "तिची धाकली तुमच्याच शाळंत यायची हाय. तुमच्यावरचा इश्वास उडाला तर ती पोर धाडंल का?"

ती पोर आली. आज ती माझ्या वर्गात आहे आणि उत्तम वाचते. तात्यांच्या साठीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ मी तिच्याच हाती देणार आहे. तिने हा मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवावा: पार्वतीबाई, ती तबकडी तात्यांनी नव्हे, मी वाजवली. मला त्याची फार लाज वाटते.

तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि दुसऱ्याची चूक अंगावर घेण्याची वेळ त्यांच्यावर, निदान माझ्यामुळे तरी, पुन्हा न येवो.