आतोबा आणि मंदीवाले

साऱ्या सुरतेत खऱ्या नावाने भांडणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावात सायबर कॅफे निघाले आणि आतोबांना शेअरबाजारावर वाद घालायचा एक इंटरनेट फलक सापडला. बाकीची मंडळी तिथे 'वाघ', 'शिकारी' असली टोपणनावे घेऊन लिहीत. आतोबा मात्र प्रत्येक मजकुराखाली पूर्ण नाव, 'गणित शिक्षक' हा हुद्दा आणि घरचा पत्ता एका बोटाने टाइप करत. "निनावी पत्राला शाळेत केराची टोपली दाखवतात," हे त्यांचे तत्त्व. कोणी शिवी दिली, तर आधी तिचे स्पेलिंग दुरुस्त करून मग उत्तर देत.

त्यांचे हाडवैर मंदीवाल्यांशी. जवळ नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन नफा कमवायचा, हा आतोबांना निव्वळ अधर्म वाटे. त्यांच्याकडे कडोदऱ्याच्या एका सूत कंपनीचे शेअर होते. निवृत्तीनंतरची सगळी भिस्त त्यावर. त्या मंदीवाल्यांपैकी 'शिकारी' रोज लिही, "कंपनी फ्रॉड आहे. दुसरा कारखाना फक्त कागदावर आहे." आतोबा रोज खोडून काढत : अहवालात फोटो आहे, ऑडिटरची सही आहे! सगळे विकत सुटले तरी हे धरून बसलेले पाहून आत्या अहिराणीत करवादे, "दुन्या इकी ऱ्हायनी, नि तुम्ही धरीसन बठनात!" पण आतोबांच्या लेखी विकणे म्हणजे रणातून पळणे.

एके दिवशी 'शिकारी'ने लिहिले, "गुरुजी, कडोदरा लांब नाही. जाऊन बघा." त्या रविवारी सकाळीच मला स्कूटरवर मागे बसवून आतोबा निघाले. काखेत कंपनीचा अहवाल. पहिला कारखाना धडधडत होता. आतोबांची छाती फुगली. गेटवरचा रखवालदार धुळ्याकडचा, आमच्याच खानदेशातला निघाला. दुसरा कारखाना कुठे म्हणून विचारले, तर त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवले. तिथे तारेचे कुंपण होते, कंपनीची पाटी होती आणि आत म्हशी चरत होत्या. आतोबांनी तरीही अहवाल छातीशी धरून कुंपणाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग म्हशी मोजल्या. अकरा भरल्या.

परतीच्या वाटेवर मी हळूच म्हटले, "उद्या बाजार उघडला की आधी विकून टाका, मग लिहा."

त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "आणि माझ्याकडून जो घेईल, त्याला काय सांगू? म्हशी दूध देतात म्हणून?"

घरी न जाता ते थेट कॅफेत शिरले आणि लिहिले, 'पहिला कारखाना चालू आहे. दुसऱ्याच्या जागी अकरा म्हशी आहेत. शिकारी बरोबर, मी चूक.' खाली नाव, हुद्दा, पत्ता. सोमवारी भाव गडगडला.

गुरुवारी संध्याकाळी दारात एक किरकोळ अंगाचा माणूस उभा राहिला. कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यात पैलू पाडायचे काम करणारा. हातात घारी या सुरती मिठाईचा डबा. ओशाळून म्हणाला, "हूं शिकारी." आतोबांनी चष्मा सावरला. तो पुढे म्हणाला, "साहेब, गाळो आपनारा बहु जोया, भूल कबूल करनारा तमे पहेला." शिव्या देणारे त्याने ढीगभर पाहिले होते, चूक कबूल करणारे आतोबाच पहिले. आतोबांनी त्याला हाताला धरून आत नेले आणि पंधराव्या मिनिटाला दोघे मंदीच्या नीतिमत्तेवरून असे कडाडून भांडू लागले, की शेजारी धावत आले. पुढे दर रविवारी हेच. दोघे मिळून कंपन्यांचे अहवाल वाचत, आणि गल्लीतले लोक शेअर घेण्याआधी त्यांना विचारून जात. पहिला कारखाना खरा होता, म्हणून आतोबांचे शेअरही वर्षभरात थोडे सावरले.

निवृत्तीनंतर आतोबा खानदेशात, मूळ गावी अमळनेरला राहायला गेले. मी भेटायला गेलो, तर ओट्यावर बसले होते. येणारा-जाणारा वाकून नमस्कार करत होता. मी म्हटले, "आतोबा, इथे तर फार मान आहे तुम्हाला."

"हो ना," ते म्हणाले, "सगळे माझंच खरं धरतात. असं कसं चालेल रे?"