प्रफुलचं वाकडं छप्पर

आमच्या गावात प्रफुल नेमकं काय काम करतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्याच्या आईला तर मुळीच नाही. बँकेतल्या साहेबाने एकदा कुंताबाईला विचारलं, "मुलगा काय करतो?" ती म्हणाली, "वाकडं काढते." साहेबाने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

तसं तिचं चुकलं नव्हतं. प्रफुल संगणकावर वाकडी छपरं काढतो. चुकून वाकडी झालेली नव्हेत, गणिताने वाकवलेली. बाजारचौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याचे नकाशे माझ्याच मशीनमधून निघतात. त्यामुळे या विषयात गावात माझ्याइतका जाणकार दुसरा नाही, हे मी नम्रपणे सांगतो.

"पत्रूभाऊ, सोपं हाये," त्याने मला समजावलं होतं. "चौकोनातल्या हरेक ठिकाणाले दोन आकडे, एक आडवा, एक उभा. त्याहिचा गुणाकार केला का तेवढी तिथली उंची. झालं छप्पर."

"गुणाकार तं मी शाळेतच शिकलो गा. तवा काऊन नाई झालं छप्पर?"

मग त्याने माझ्याच दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना एका दुपट्ट्याची चार टोकं धरायला लावली. तिरप्या समोरासमोरच्या दोघांनी हात उंच करायचे, उरलेल्या दोघांनी खाली. दुपट्टा मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा वाकला. संगणकात हेच काम पडद्यावरची एक सरकती पट्टी करते. ती माउस नावाच्या उंदराने इकडे ओढली की छप्पर जास्त वाकतं, तिकडे ओढली की चपटं होतं. पोरगा दिवसभर तेवढंच करत बसतो आणि त्याला भूक लागत नाही.

घराणं धिवराचं. बाप तलावात जाळं टाकायचा, आई आजही बाजारात मासोळी विकते. प्रफुलने डिप्लोमा केला आणि गडचांदूरला नोकरी धरली. तिथे सरळ गोदामांचे सरळ नकाशे काढून तो इतका कंटाळला, की नोकरी सोडून घरी आला. लोक म्हणाले, सरळ वाट सोडून पोरगं वाकड्यात शिरलं. आता पुण्या-हैदराबादचे लोक त्याच्याकडून मॉलचे घुमट नि संग्रहालयांची छपरं काढून घेतात. पण त्यातलं एकही उभं राहिलेलं त्याने पाहिलेलं नाही, आणि हेच त्याचं दुखणं होतं. आई विचारायची, "कुठी हाये तं दाखव ना." तो संगणक दाखवायचा. ती मान डोलवायची आणि चुलीकडे वळायची.

म्हणून पंचायतीने मासोळी विकणाऱ्या बायांसाठी बाजारात शेड घालायचं ठरवलं, तेव्हा प्रफुल आपणहून उठला. नकाशा फुकटात देतो म्हणाला. आपलं एक तरी छप्पर आईच्या डोक्यावर उभं राहावं, एवढंच त्याला हवं होतं. सरपंच सत्यशीलाबाईंनी फुकट हा शब्द ऐकून लगेच होकार दिला.

चार लोखंडी खांब, वर सरळ सळया आणि त्यावर जाड ताडपत्री. काम मिथुन वेल्डरकडे. नकाशावर प्रफुलने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: वरचे कोपरे, लांब खांब, खालचे कोपरे, आखूड खांब. एवढं करून तो पुण्याच्या कुठल्याशा घाईच्या कामात बुडाला आणि आठवडाभर घराबाहेर पडला नाही.

बाजाराच्या दिवशी नारळ फोडायला सगळे जमले. प्रफुलही नवा शर्ट घालून आला. वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

छप्पर सरळ होतं. साधं, सपाट, एका बाजूला उतरतं, आमच्या गोठ्यांवर असतं तसं.

"मस्त ना?" मिथुन म्हणाला. "तुह्या चित्रात लय वाकडं दिसत होतं. पत्रूभाऊच्या मशीनची खराबी असन म्हन्लं. मी सीधं करून टाकलं."

माझ्या मशीनमध्ये काहीही खराबी नाही. हे मी तिथेच सांगितलं आणि इथेही सांगून ठेवतो.

"अरे, पन मी लिवलं होतं ना, वरचे कोपरे लांब!"

"मंग? वरचेच हायेत लांब."

"वर म्हन्जे कुठी गा?"

मिथुनने वरच्या टोल्याकडे, म्हणजे गावाच्या वरच्या वस्तीकडे हात केला. प्रफुलने आभाळाकडे बोट केलं. दोघेही तसेच उभे राहिले.

आता यात मिथुनचा काय दोष? आमच्या गावात वरचा टोला आणि खालचा टोला. वरचा पंप, वरची शाळा, वरची सोयरीक. वर म्हणजे त्या टोल्याकडे, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. प्रफुलच्या मनात होते तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे, त्या दुपट्ट्यासारखे. मिथुनने वरच्या टोल्याकडचे दोन्ही खांब लांब केले आणि खालच्या टोल्याकडचे दोन्ही आखूड. एका शब्दापायी सगळं गणित सपाट झालं.

"राहू दे," प्रफुल हळूच म्हणाला. "सावली पडते ना, बस झालं." मला त्याची फार दया आली. सत्यशीलाबाईंनी नारळ उचलला.

"थांबा व बाई," कुंताबाई म्हणाली. "हे माह्या पोराचं नाई."

"असं कसं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"मी महिनाभर पाहून राह्यली ना त्या डब्यात. त्याचं वाकडं होतं. हे सीधं हाये."

"बाई, लोकं वाकड्याचं सीधं करतेत. तुमी सीध्याचं वाकडं करा म्हन्ता?"

कुंताबाईने टोपलं उचललं, शेडबाहेर गेली आणि नेहमीच्या जागी, रणरणत्या उन्हात जाऊन बसली. एकेक करत बाकीच्या बायाही उठल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. नव्या शेडखाली उरलो मी, सरपंच, मिथुन, प्रफुल आणि दोन कुत्री. सत्यशीलाबाईंनी नारळ पिशवीत ठेवला आणि मिथुनला म्हणाल्या, "कर बाबा वाकडं."

दुसऱ्या दिवशी मिथुनने कुरकुरत एका लांब आणि एका आखूड खांबाची अदलाबदल केली, आणि प्रफुलने सांगितलं तिथे सळया पुन्हा जोडल्या. संध्याकाळी मिथुन खाली उभा राहून कितीतरी वेळ मान वर करून बघत होता. मग माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "भाऊ, एकूनएक सळई सीधी हाये, म्या सोता लावली. मंग हे वाकलं कुठून?" मी म्हणालो, "गुणाकार."

पुढच्या बाजारी कुंताबाई छपराखाली मधोमध बसली होती. प्रफुल बाजूला काट्यावर मासोळी तोलत होता आणि दर दोन मिनिटांनी वर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. परगावच्या एका गिऱ्हाइकाने मरळ निवडता निवडता वर पाहिलं आणि हळहळत म्हणाला, "अरेरे. बाई, छप्पर वाकडं झालं व तुमचं."

कुंताबाईने मरळ त्याच्या हातातून काढून घेतला आणि टोपल्यात परत ठेवला.

"झालं नाई," ती म्हणाली. "माह्या पोरानं केलं."