सुखलालच्या नावावरचा माणूस

मी भूतबित मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. हे वाचून "ताई, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहिणारे दहा जण निघतील. एरवी त्यांतली पहिली मीच असते. वडील जानेफळला शाळेत विज्ञान शिकवायचे, घरात उतारा, अंगारा, लिंबू-मिरची काही चाललं नाही. आणि मी स्वतः सोळा वर्षं मेहकरात एक्सरे काढते. अंगात येणाऱ्या बायासुद्धा हात मोडला की माझ्याकडंच येतात... त्यांच्या एक्सरेत मला आजवर हाडांशिवाय काही दिसलेलं नाही.

आमचं सेंटर बसस्टँडमागच्या गल्लीत, रसवंती आणि मेडिकलच्या मधे. बाहेर बाकडी, मग डॉक्टरांची केबिन, त्यापलीकडं माझी खोली. खोलीला शिशाचा पत्रा मारलेलं जाड दार आहे. ते लावलं की आत फक्त पेशंट आणि मी.

डोणगावच्या रस्त्याला आत एक खडी क्रशर आहे, नाव सांगत नाही. कामगार सगळे झारखंडचे. सरकारी तपासणी यायची असली की मुकादम पाच-सहा जणांना जीपमध्ये कोंबून छातीचे एक्सरे काढायला आणायचा. ते आत आले की फरशीवर पांढरं पीठ सांडल्यासारखी धूळ पडायची. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. बारा तास त्या धुळीत काम, तोंडाला काय तर गमछा, आणि झोपायला क्रशरला लागूनच पत्र्याचं शेड. त्यांचे रिपोर्ट मुकादमाच्या हातात जायचे, त्यांच्या नाही. पद्धतच तशी होती आणि मीही कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. मुकादमानं पाच जण आणले. तिसरं क्रशरचं ओळखीचं कार्ड सुखलालचं होतं, त्यावरचा फोटो घासून पार गेलेला. नाव टाकलं तर कॉम्प्युटरवर त्याचा दीड वर्षापूर्वीचा एक्सरे निघाला. तो माणूस मला आठवत होता — चाळिशी ओलांडलेला, काटकुळा. डावीकडची एक बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली, आणि दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके. दगडाची धूळ छातीत जाऊन बसली की असे ठिपके दिसतात. ती धूळ मग निघत नाही.

आता माझ्यासमोर उभा होता तो पंचविशीतला रुंद खांद्याचा गडी!

मी बाहेर जाऊन मुकादमाला म्हटलं, हा काही सुखलाल नाही.

"ताई, नाव तेच हाय, कार्ड तेच हाय," तो म्हणाला. "तुमाले फोटो काढाचा हाय का सोयरीक जुळवाची हाय?"

बाकड्यावरचे लोक हसले. मला संताप आला, पण गुमान आत आले. जुना माणूस गावी गेला असेल आणि नवं कार्ड काढायचा यांना कंटाळा, असं मी धरून चालले.

एक्सरे काढला. स्क्रीनवर चित्र आलं आणि मी स्वतःवरच चिडले, कारण चुकून जुनाच एक्सरे उघडला होता... तीच वाकडी बरगडी, तेच ठिपके. बंद करून पुन्हा उघडला. वर वेळ आत्ताची. मग मी ओढणीची सेफ्टी पिन काढून त्याच्या बनियनला डाव्या खांद्याशी लावली आणि दुसरा एक्सरे काढला. पिन आली. पिनच्या खाली तीच मोडकी बरगडी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून त्याच्या बरगड्या बोटांनी चाचपल्या. सगळ्या सरळ. कधी पडलास, मार लागला? नाही म्हणाला. क्रशरवर किती दिवस? पाच आठवडे. अहो, पाच आठवड्यांत छातीची अशी दशा होतच नाही, वर्षं लागतात! खरंच घाबरले मी.

दार लावलेलंच होतं. मी त्याला खरं नाव विचारलं. तो हिंदीत बोलत होता, मी आपल्या भाषेत सांगते. नाव त्याला लगेच आलंच नाही. मग म्हणाला, इथं सगळे सुखलालच म्हणतात — हजेरीला सुखलाल, जेवायला सुखलाल. खरा सुखलाल गावी गेलाच नव्हता. पोळ्याच्या सुमारास शेडमध्येच खोकून खोकून मेला, असं जुने कामगार सांगत. मुकादमानं त्याचं कार्ड, हेल्मेट, खाट सगळं याला दिलं आणि बजावलं, कागदावर मेलेला माणूस दिसायला नको, तपासणी होईपर्यंत तुझं नाव हेच. तेव्हापासून याला खोकला लागला होता, झोप उडाली होती. डोळा लागलाच तर झोपेत 'फुलमनी, फुलमनी' म्हणतो, असं शेजारचे सांगायचे. या नावाचं कोणी त्याच्या ओळखीत नव्हतं.

"दीदी, परवा आईला फोन केला. मी म्हणालो, मी सुखलाल बोलतोय. तिनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला."

तो माझ्या थोरल्या पोराहून पाच-सात वर्षांनी मोठा असेल. फार वाईट वाटलं मला. मी म्हटलं, घरचं नाव सांग, आई हाक मारते ते. तेव्हा आठवून म्हणाला, "मंगरू."

त्या नावानं मी नवीन फाइल उघडली आणि तिसरा एक्सरे काढला. एका माणसाचे असे तीन एक्सरे काढणं चूक आहे, मला माहीत आहे. तरी काढला. पिन होती तिथंच होती. बरगडी सरळ, आणि छातीत एक ठिपका नाही.

मी त्याला म्हटलं, आजच्या आज घरी जा. तो म्हणाला, आधार कार्ड मुकादमाकडं आहे, तो सोडणार नाही.

मग मी जे केलं ते चूक की बरोबर, तुम्हीच ठरवा. मंगरूच्या नावाचा एक्सरे त्याच्या शर्टाच्या आत खोचून दिला आणि सुखलालच्या नावाचा डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी फिल्म बघून लिहिलं, छातीत दगडाची धूळ, धुळीचं काम आजपासून बंद, नाहीतर जिवाला धोका. मुकादमानं पाकिटासाठी हात पुढं केला. मी दिलं नाही. बाहेर बाकड्यांपाशी उभी राहून तो कागद सगळ्या पेशंटांसमोर, बाकीच्या चार कामगारांसमोर मोठ्यानं हिंदीत वाचला. 'जिवाला धोका' दोनदा वाचलं.

"हे काऊन वाचून राह्यल्या?" मुकादम म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"ज्याची छाती हाय त्याले समजाले पाह्यजे," मी म्हटलं.

बाकीचे चौघे उठून आले, आमचंही वाचा म्हणाले. वाचलं. दोघांच्या छातीत सुरुवात होती.

एवढ्या लोकांनी ऐकल्यावर त्या नावाचा माणूस ठेवायची मुकादमाची छाती झाली नाही. संध्याकाळपर्यंत सुखलालचं नाव हजेरीतून कापलं आणि मंगरू आधार कार्ड घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसला. क्रशरचं काम आमच्याकडून गेलं, सेंटरच्या मालकानं आठ दिवस मला फैलावर घेतलं. मशीन बघायला इंजिनीअर येऊन गेला, त्याला काही दोष सापडला नाही. डॉक्टर म्हणतात, तुमच्या हातून फाइलींची अदलाबदल झाली. मी म्हणते, मग पिन कशी आली? ते पुढचा पेशंट बोलावतात.

पंधरा दिवसांनी मंगरूचा फोन आला. आवाज मोकळा. नागपूर मागं पडलं तसा खोकला थांबला, आईनं दारातच ओळखलं म्हणाला. कार्डावरचा पत्ता त्याच्या ध्यानात होता, म्हणून तो सुखलालच्या गावी गेला होता आणि तिथूनच बोलत होता. सुखलालच्या बायकोचं नाव फुलमनीच होतं, फोनही तिचाच होता. नवरा गेला हे तिला सहा महिन्यांत कोणी कळवलं नव्हतं, ते मंगरूला सांगावं लागलं.

"दीदी, ती विचारते, आजार आहे हे त्याला माहीत होतं का? माहीत असून तो तिथं राहिला का?"

एक गोष्ट मी तुम्हालाही आतापर्यंत सांगितलेली नाही. त्या मार्चच्याही दीड वर्ष आधी एक्सरे काढून जाताना सुखलाल माझ्या दारात थांबला होता. पाकीट माझ्या हातात होतं, रिपोर्ट मी वाचलेला होता. त्यानं विचारलं, दीदी, यात काय लिहिलंय? बाहेर गर्दी होती, माझी जेवायची वेळ टळून गेली होती. मी म्हटलं, तुझ्या साहेबाला विचार. आणि पाकीट मुकादमाला दिलं.

मंगरूला मी तेच सांगितलं. म्हटलं, तिला सांग, त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं होतं, मीच सांगितलं नाही.

मंगरू हळूच म्हणाला, "दीदी, फोन स्पीकरवर आहे, ती इथंच बसलीय. तिनं ऐकलं." आणि फोन बंद झाला.

त्या दुपारी मशीनमध्ये काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. दोन्ही फाइली आहेत, ज्याला समजत असेल त्यानं मेहकरला येऊन बघाव्यात. तो फोन फुलमनीच्याच नंबरावरून आला होता. नंबर मी ठेवलाय. अजून लावलेला नाही.