डाव्या हाताची मुलं

हे मी घरात बोलले नाही, शाळेत तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. मधेच अडखळले तर अडखळू द्या.

वडगाव निंबाळकरला मी विज्ञान शिकवते. माझा आठवीचा वर्ग पंचक्रोशीत हुशार म्हणून ओळखला जातो. साहेब तपासणीला आले आणि मी प्रश्न टाकला, की झाडून सगळे हात वर! साहेब खूश. बाई, कसं जमतं हो तुम्हाला? जमतं कसलं डोंबलाचं! उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. मी उजव्यालाच विचारायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हेच घोटून घ्यायचे, धडा नंतर. लाज? तेव्हा कुठली लाज! उलट मिरवायचे मी.

दरवर्षी बारामतीहून बी.एड.ची मुलं-मुली आमच्याकडे सरावाला येतात. मी त्यांची मार्गदर्शक. तास घेतला की त्यांनी वहीत चिंतन लिहायचं — काय जमलं, काय फसलं, उद्या काय बदलणार — आणि खाली माझा शेरा, माझी सही. बहुतेक जण एकमेकांचं उतरवतात. मीही न वाचता सही ठोकते.

मनीषा तसली नव्हती. कळसची पोरगी, दोन एसट्या बदलून यायची. मास्तरीण व्हायचं, हे एकच खूळ डोक्यात. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तिनं तास घेतला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. ती पोर म्हणाली, "मला न्हाय विचारायचं, बाई. माझा डावा हात हाय."

मनीषानं तरी विचारलं. तिला, आणि मग डावा हात वर करणाऱ्या बाकीच्या अकरा जणांना. तास रेंगाळला, गोंधळ झाला — पण त्यातल्या चौघांना उत्तर येत होतं. जूनमध्ये एकदा डावा हात ठरला तो कायमचाच; तेव्हापासून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे सगळं तिनं चिंतनात लिहिलं. माझ्याविषयी एक वाकडा शब्द नाही. शेवटी एवढंच, की यांच्यासाठी मी उद्या काय करू?

ते पान मी फाडलं.

इथंच थांबावंसं वाटतंय. पण संपलं कुठं? तिला समोर बसवून मी नवं पान सांगून लिहून घेतलं — वर्गावर माझा ताबा राहिला नाही, शिकवण्याचं अंग माझ्यात नाही. ती म्हणाली, "बाई, पण…" मी म्हटलं, "सही हवीय ना?" बास. लिहिलं तिनं. आणि खाली मी लाल शाईनं काय शेरा मारावा? 'प्रामाणिक चिंतन.' शी! गुण दिले काठावरचे. कॉलेजातून फोन आला तेव्हाही सांगितलं, मुलगी गुणी आहे हो, पण शिकवणं तिचं काम नाही. एवढी कशाला घाबरले होते मी? नोकरी का जाणार होती? छे! नाव जाणार होतं. तेवढ्यासाठी.

त्यानंतर सरावाला येणाऱ्या मुलांपुढे चिंतनाच्या महत्त्वावर मी भाषणंसुद्धा ठोकली. टाळ्या घेतल्या. माझ्याच आवाजाची किळस येते मला.

गेल्या महिन्यात इंदापूरला साडी घ्यायला गेले. दुकानात साड्या उलगडून दाखवणारी बाई — मनीषा! हातातलं टाकून उठली, पाया पडली, चहा सांगितला. शाळेत कुठं अर्जच केला नाही म्हणाली. "बरं झालं बाई, तुमी वेळेवर सांगितलंत. न्हायतर किती पोरांचं नुकसान केलं असतं मी."

टोमणा नव्हता हो! मनापासून बोलत होती ती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सांगता आलं असतं.

मी साडीचा काठ चाचपत म्हटलं, "अगं, सगळ्यांनाच कुठं जमतं."