पाचवीचा मान

"बसा, आधी बसा. दुखणं कुठं पळून जात नाही," असं म्हणत आमच्या कशेळ्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचे. खुर्ची एकच, त्यामुळे ते दिवसभर बहुधा उभेच असत. मोळीवाली म्हातारी असो की तलाठी, सरकवण्याची पद्धत तीच. तलाठ्याला हे मुळीच आवडत नसे.

ते नगरकडचे, ख्रिस्ती. भर वैशाखातही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी शाळेत मास्तर, आणि नको तिथे प्रश्न विचारायची मला खोड. एकदा म्हटलं, "अहो, सगळ्यांनाच खुर्ची दिलीत तर तिला किंमत काय राहिली?"

"गुरुजी, आमचं शास्त्र सांगतं, ज्याचा मान त्याला द्यावा. आता कोणाला मान नाही, हे मी कोण ठरवणार? मी आपला देऊन मोकळा होतो."

मला हे बोलणं फार आवडलं. म्हणजे ऐकायला आवडलं.

लढाईचे दिवस होते. माझी बायको पहिलटकरीण. दुपारी कळा सुरू झाल्या आणि बाळ आडवं. कर्जतला डॉक्टरांकडे माणूस धाडला, पण तोवर डोंगराखालच्या वाडीतली सुईण आली. तिने तेलाच्या हाताने, बायकोशी गप्पा मारत, बाळ फिरवलं आणि तिला सोडवलं. डॉक्टर पोचले तेव्हा मुलगी दूध पीत होती. त्यांनी नाडी पाहिली आणि चहा घेतला.

पाचवीला सुईणीला पाटावर बसवून ओटी भरायची, लुगडं द्यायचं, ही आमची रीत. पण कापडावर कंट्रोल, आणि खटपट करून लुगडं मिळालेलं एकच. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, डॉक्टरांचं वर वजन होतं. मी लुगडं डॉक्टरीणबाईंसाठी ठेवलं आणि पाटावर डॉक्टरांना बसवलं.

कंपाउंडरही जेवायला होते. त्यांचं पान मी पडवीच्या अगदी टोकाला मांडलं होतं. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

"गुरुजी, सुईणबाई दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"आहे मागल्या दारी. तिला वाढतील नंतर."

त्यांनी आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांवर उचललं आणि वरण सांडू न देता घराला वळसा घालून गोठ्यापाशी गेले. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, इथं जागा आहे का?"

"बाबा, तुमी हितं? गुरुजी काय म्हंतील?"

"गुरुजींनीच तर पान वाढलंय."

मी लुगडं हातात धरून उभा होतो. मागलं दार दहा पावलांवर. मी गेलो नाही. लुगडं डॉक्टरांपुढे ठेवलं. लाज वाटत होती आणि तरी ठेवलं, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

त्यानंतर कंपाउंडरांनी तो विषय कधीच काढला नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी पहिल्यासारखेच बोलले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढे दिवाळीच्या सुटीत पोशीरला, आमच्या घरी गेलो असताना एक लुगडं मिळालं. परतताना नारळ घेतला आणि थेट वाडी गाठली. सगळ्या वाडीदेखत लुगडं सुईणीच्या ओटीत घालून तिच्या पाया पडलो. ती अवघडली. "पोर बरी हाय ना, गुरुजी?" एवढंच म्हणाली. मग नारळ दगडावर फोडून तिने एक वाटी माझ्या हातात दिली.

"ही कंपाउंडरबाबाची. माझ्या बाजूला जेवाया बसला, येवडा यकच मानूस."

वाटी घेऊन घाईने दवाखान्यात गेलो. तिथे नवाच माणूस होता. कंपाउंडरांची बदली होऊन पंधरा दिवस झाले होते.

"माझ्याआधी एक तात्पुरता कंपाउंडरही येऊन गेला," तो म्हणाला. "तुम्हाला हवेत ते कोण? नाव सांगा, कागद बघून पत्ता काढून देतो."

तीन वर्षांची ओळख. मी त्यांचं नाव कधी विचारलंच नव्हतं.