अक्कांच्या वह्या आणि आमचं प्रमाणपत्र

आमच्या शाळेच्या रिसेप्शनमध्ये, प्रवेशासाठी आलेले पालक ज्या सोफ्यावर बसतात त्याच्या बरोबर समोर, काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. खासगी शाळांचा दर्जा तपासणाऱ्या एका संस्थेनं दिलेलं. त्यात एक ओळ आहे: ‘प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष – उत्कृष्ट’. रोज सकाळी हजेरीसाठी मशीनवर अंगठा लावताना ती ओळ समोर येते आणि रोज माझं डोकं फिरतं. तरीही मी त्याच शाळेत नोकरी करते, हे आधीच सांगून टाकते.

शाळा बंगळुरात, मारतहळ्ळीला. पालक बहुतेक सगळे रिंग रोडवरच्या कंपन्यांतले. त्यांच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीला रेटिंग असतं, त्यामुळे शाळेलाही ते हवं असतं. आमचे सेक्रेटरी, म्हणजे शाळेचे मालकच, पूर्वी लग्नाचा एक कल्याणमंडप चालवायचे. शाळा काढली तरी त्यांचं चित्त तिथेच राहिलं. पाहुणे येणार म्हटलं की आधी कमान, मग फुलं, मग जेवण. नवरा-नवरीचं काय चाललंय याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. शेजारच्या शाळेला दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा आपल्यालाही ते या वर्षीच पाहिजे असं त्यांनी जाहीर केलं आणि मला ‘क्वालिटी कोऑर्डिनेटर’ नेमलं.

मला का, तर मी पुण्याहून एम.एड. करून आलेली. आमचं घराणं बंगळुरातलं जुनं, घरी बोलतो ते मराठी अर्धं कन्नडमध्ये भिजलेलं. पुण्यात दोन वर्षं त्या मराठीवरून माझी भरपूर थट्टा झाली होती. परत आले ती बोलणं सुधारून, मूल्यमापनाचे चार शब्द शिकून, आणि नाक जरा वर करून. आपल्या शाळांमध्ये शिस्त नाही, व्यावसायिकपणा नाही, ज्याला जसं वाटेल तसं तो शिकवतो, असं मला मनापासून वाटायचं. आजही थोडंफार वाटतं. म्हणून तर जास्त बोचतं.

पहिलीच्या वर्गाला अक्का होत्या. शाळेत सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. पण माझ्या त्या खऱ्याच नात्यातल्या, दूरच्या अक्का, आमच्याच समाजातल्या, येलहंकाच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या. हेब्बाळला बस बदलून रोज वेळेआधी हजर. बी.एड. नव्हतं. लग्न लवकर झालं, शिक्षण अर्धं राहिलं, आणि शाळा दोन खोल्यांत होती तेव्हापासून त्या तिथे वाचायला शिकवत होत्या. अक्कांच्या हाताखालून गेलेलं मूल वाचता येत नाही म्हणून दुसरीत अडलं, असं कधी ऐकिवात नव्हतं. हे मला माहीत होतं. पण शिक्षकांना मार्क द्यायच्या माझ्या फॉर्ममध्ये ऐकिवाला रकाना नव्हता.

शिकवण्याआधी काय शिकवणार ते लिहून काढायचं, त्याला पुण्यात टाचण म्हणतात, इथे लेसन प्लॅन. मी नियम केला की पुढच्या आठवड्याचे प्लॅन शनिवारी दुपारपर्यंत माझ्या टेबलावर हवेत. सगळ्यांचे आले. इंटरनेटवरून उतरवलेले, एकसारखे, स्वच्छ. अक्कांचा आला नाही. पुढच्या शनिवारी मी मागितला तर त्यांनी एक शंभर पानी वही दिली. त्यात सरून गेलेल्या आठवड्याचं लिहिलेलं होतं.

रोज मधल्या सुट्टीत अक्का चार-पाच मुलांना एकेक करून आपल्या खुर्चीजवळ बोलवायच्या आणि वाचायला लावायच्या. मूल कुठे अडलं ते वहीत कन्नडमध्ये एका ओळीत लिहायच्या. डबा खायचा राहून जायचा. वहीत प्रत्येक मुलाची दोन पानं होती. ‘बी आणि डी उलटसुलट.’ ‘मोठ्यानं वाचायला लाजतो, कानात सांगतो, बरोबर सांगतो.’ अशी. पुढच्या आठवड्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं.

मी त्यांना माझ्या केबिनमध्ये बोलावलं. बोलावलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. मी उठून वर्गात जायला हवं होतं. प्लॅन आधी लिहायचा असतो, मागाहून नाही, हे मी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

“शिकवायच्या आधी मला कसं कळणार गं कोण कुठं अडतंय ते?” त्या म्हणाल्या. “शिकवल्यावर कळतंय. मग उद्याचं ठरतंय. सरी, बरं, तुला पायजे तर आधी लिहून देते. पण ते खरं नव्हे.”

त्यांनी लिहून दिलं नाहीच. मीही हट्टाला पेटले. गणपतीनंतर मी सगळ्यांचे वर्ग बघून मार्क दिले, एक ते चार. अक्कांच्या तासाला मागे बसले तेव्हा एक बारीक दोन वेण्यांची मुलगी वाचत होती. पुस्तकात बदकाचं चित्र, खाली वाक्य. मुलगी घडाघडा वाचत होती. अक्कांनी हळूच चित्रावर तळहात ठेवला आणि मुलगी थांबली. ती शब्द वाचतच नव्हती, चित्र बघून बोलत होती. हात तसाच ठेवून अक्का पहिल्या अक्षराची वाट बघत बसल्या. बराच वेळ. बाकीची मुलं आपापली वाचत होती, दोघं भांडत होती, स्मार्ट बोर्ड बंद होता, फळ्यावर उद्दिष्ट लिहिलेलं नव्हतं.

मी नियोजनाला एक दिला. तंत्रज्ञानाच्या वापराला एक. वर्गनियंत्रणाला दोन. ओळखीचं माणूस म्हणून हात सैल सोडायचा नाही, या विचारानं मला त्या वेळी स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. कमी मार्क पडले की त्यांना प्रशिक्षणाला पाठवता येईल, असा माझा हिशोब होता. तसं मी शेऱ्यात लिहिलंही होतं. सेक्रेटरींनी शेरा वाचलाच नाही. त्यांनी आकडे वाचले, बी.एड.च्या रकान्यातली रेघ वाचली, आणि तपासणीच्या फाईलमध्ये असलं पान नको म्हणाले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका, असं पत्र अक्कांना गेलं. पत्राला माझा फॉर्म जोडला होता. खाली माझी सही.

मी सेक्रेटरींकडे गेले, नाही असं नाही. वर्षाच्या मध्यावर पहिलीची शिक्षिका बदलू नका, असं म्हणाले. त्यांनी माझाच फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं की हे मार्क खोटे आहेत का. खोटे नव्हते. दिलेल्या रकान्यांत ते बरोबर होते. मी तिथून निघून आले. नोकरी सोडण्याचा विचार बसमध्ये केला आणि बसमध्येच सोडला.

अक्का शेवटच्या दिवशी कपाट आवरून गेल्या. वह्या मात्र ठेवून गेल्या. येणाऱ्या बाईंना उपयोगी पडतील, असं शिपायाजवळ सांगून गेल्या होत्या. येणाऱ्या बाईंना कन्नड येत नव्हतं.

जानेवारीत तपासणीला दोघंजण आले. कमान झाली, झेंडूच्या माळा झाल्या, स्वागताला ओळीनं मुली उभ्या राहिल्या. सेक्रेटरी जरीचं उपरणं घेऊन तयार होते. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवून विचारलं की प्रत्येक मूल नेमकं कुठे अडतं, याची नोंद कुणी ठेवतं का. प्लॅनच्या फायली त्यांनी दोन मिनिटांत मिटवल्या होत्या. सगळे सारखेच दिसतात, एवढंच त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी उठले, पहिलीच्या वर्गात गेले, खालच्या कप्प्यातून अक्कांच्या वह्या काढल्या आणि आणून दिल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

त्या बाई तासभर वह्या बघत होत्या. मी शेजारी बसून कन्नडचा अर्थ इंग्रजीत सांगत गेले. दोन वेण्यांच्या मुलीचं पान आलं. शेवटची नोंद सुट्टीच्या आदल्या दिवसाची होती: ‘चित्र झाकलं की अजून थांबते. पहिलं अक्षर आता ओळखते. रोज स्वल्प वेळ बसायला पाहिजे.’ बाईंनी ते माझ्याकडून दोनदा ऐकलं. इतकं बारकाईचं काम फार कमी ठिकाणी दिसतं, असं म्हणून त्यांनी या शिक्षिकेला भेटायचंय म्हटलं. सेक्रेटरींनी ताबडतोब सांगितलं की त्या रजेवर आहेत. मी मान हलवली. हो म्हणाले नाही, पण मान हलवली.

प्रमाणपत्रातली ती ओळ अशी आली.

पुढचं तर मला कुणाला सांगतानाही कसंतरी होतं. सेक्रेटरींना वह्यांचं महत्त्व पटलं. जूनपासून सगळ्या वर्गांना ती पद्धत लावा म्हणून त्यांनी हुकूम काढला. मी फॉर्मॅट तयार केला: मुलाचं नाव, अडचण, उपाय. छापील, गुळगुळीत कागदावर. आणि शाळेचा शनिवारचा नियम तर होताच, मीच केलेला. सगळे कागद आठवड्याच्या आधी जमा करायचे. त्यामुळे सोमवारी मूल कुठे अडणार, ते आमच्या शिक्षिका शनिवारीच लिहून देऊ लागल्या. चाळीस मुलांचे चाळीस रकाने अर्ध्या तासात भरायचे तर बहुतेकांपुढे ‘अडचण नाही’ असंच येणार. मी सह्या करत होते.

श्रावणात आमच्या समाजातलं एक लग्न येलहंकाला होतं; इकडे श्रावणातही लग्नं लागतात. इथे आपली माणसं मोजकी, त्यामुळे कुणाला चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. पंगतीत माझ्या शेजारच्या पानावर अक्का येऊन बसल्या. मी काहीतरी बोलायला गेले, माफीचंच असावं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि वाढप्याला माझ्या पानात कोशिंबीर वाढायला सांगितली. घरी चार मुलं शिकायला येतात, बरं चाललंय, म्हणाल्या. वह्यांचं मी बोललेच नाही. ते त्यांना कुणाकडून कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. ताक वाढेपर्यंत आम्ही नवरीच्या माहेरच्यांबद्दल बोलत होतो.

मग त्यांनी विचारलं, “ती दोन वेण्यांची पोरगी आता दुसरीत असेल ना. वाचती का गं ती?”

मला माहीत नव्हतं. शाळेच्या दर्जाची जबाबदारी माझ्यावर, आणि मला माहीत नव्हतं. बघून सांगते, असं म्हणाले. अक्का सरी म्हणाल्या आणि पान दुमडून उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी दुसरीचे फॉर्मॅट काढले. जूनपासून एकही आठवडा चुकला नव्हता. तिच्या नावापुढे प्रत्येक वेळी ‘अडचण नाही’, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावून घेतलं. उंच झाली होती, वेण्या तशाच. पुस्तक उघडून दिलं. तिनं पान घडाघडा म्हटलं, मोठ्यानं, न अडखळता, माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघत.

मी चित्रावर तळहात ठेवला.

ती थांबली. खालच्या ओळीकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे. मी अक्कांसारखी वाट बघायचा प्रयत्न केला, पण कशाची वाट बघायची ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

“मिस, हात काढा ना,” ती म्हणाली.